हेच बेकु

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं मी पाण्याचा हिशेब केला. कुठल्या चारीला किती आणि किती वेळ, हे झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगायचो. तेव्हा घरावरच्या सोलरला बॅटरी केवढी आणि इन्व्हर्टर केवढा, हे मी नाही ठरवणार तर कोण?

निमित्त वीणाचं. आमची मुलगी. तिच्या नोकरीपायी आम्ही नवरा-बायको नगर सोडून बेंगळुरूला आलो, राजाजीनगरात घर केलं. सहा महिन्यांत कंपनीनं तिला सिंगापूरला पाठवलं. आम्ही राहिलो इथेच. फोनवर "ये की" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "बाबा, आले तरी घरूनच काम करावं लागेल. तिथे करंट जातो, मीटिंग तुटते."

ठीक आहे. करंट जाणार नाही.

लोडचा तक्ता केला:

हॉलचा पंखा ७५ वॉट
फ्रिज २००
देवघरातला दिवा ५
वीणाचा पंखा ७५
वीणाचा लॅपटॉप ६५
वीणाचा टेबललॅम्प १०
वीणाचा केस वाळवायचा

इथे महानंदा खांद्यावरून डोकावली. "यात आपण दोघं कुठे आहोत?"

"देवघराच्या दिव्यात."

सोलरवाला नागराज येऊन हिंदीत समजावून गेला. इन्व्हर्टर म्हणजे एका वेळी किती चालणार, बॅटरी म्हणजे किती वेळ चालणार. 'किती वेळ'पाशी माझं पेन थांबलं. ती किती दिवस राहील, हेच कुठे माहीत होतं? शेवटी पाच युनिटची बॅटरी लिहिली. निघताना त्याला बजावलं, "फोन करशील तेव्हा कन्नडमध्ये बोल. मला येतं."

मला 'बेकु' येत होतं. बेकु म्हणजे पाहिजे. एवढ्यावर मी चार वर्षं भाजी आणतोय.

त्याचा फोन आला. "सार, बॅटरी ऐदु युनिट. साका?"

नक्की करून घेतोय, हे कळलं. म्हटलं, "हेच बेकु."

त्यानं विचारलं, "हत्तु?"

हातानं बसवू का, असं विचारत असावा. "हेच बेकु."

"हदिनैदु?"

आता हा हट्टालाच पेटला. मी आवाज चढवला. "अरे, हेच बेकु!"

"सरी, सार," तो अगदी आदरानं म्हणाला.

सोमवारी टेम्पो आला. कपाटाएवढ्या तीन बॅटऱ्या उतरल्या आणि त्यांना शोभेल असा इन्व्हर्टर.

"अहो, आपण घर घेतलंय की सबस्टेशन?" महानंदा म्हणाली.

नागराजनं बोटांवर हिशेब दाखवला. ऐदु म्हणजे पाच, हत्तु म्हणजे दहा, हदिनैदु म्हणजे पंधरा. साका म्हणजे पुरे का. "मी तीनदा विचारलं, सार. तुम्ही तीनदा सांगितलं, हेच्चु बेकु. हेच्चु म्हणजे जास्त. पंधराच्या वर माझ्याकडे नव्हतंच."

मापाच्या ऑर्डरचा माल परत जात नाही म्हणे. जिन्याखाली तो मावेना. मावला एकाच खोलीत. वीणाच्या. तिचा पलंग हॉलमध्ये आला, टेबल गॅलरीत गेलं.

मंगळवार. बॅटरी शंभर टक्के.
बुधवार. शंभर.
गुरुवारी दुपारी दोन तास करंट गेला. अठ्ठ्याण्णव.
शुक्रवार. शंभर.

"लोडच नाही घरात," नागराज डिस्प्लेवर टकटक करत म्हणाला. "किती माणसं राहतात?"

"दोन," महानंदा म्हणाली.

तेव्हापासून संध्याकाळी आम्ही वीणाच्या खोलीतला पंखा लावतो. टेबललॅम्पही. समोरच्या रम्यानं विचारलंच, "मुलगी आली का, अंकल?"

मी मात्र आठवडाभर तो शब्द घोकला. हेच्चु. भाजीवाल्याकडे हेच्चु कोथिंबीर, महानंदाकडे हेच्चु चहा. "आता कळलाय ना, मग पुरे," ती म्हणायची.

रविवारी वीणाचा फोन आला. "बाबा, तिकीट काढतेय. पानच उघडलंय समोर. दहा दिवस ठीक ना?"

ती येतेय. मला बोलायचं होतं ते सगळं एकदम ओठांवर आलं आणि बाहेर पडला तो घोकलेला शब्द. तोही धड नाही. 'चु' आतच राहिला.

"हेच ना? बरं," ती म्हणाली. "काढलं बघा."

फोन ठेवला. पलीकडच्या खोलीत पंखा फिरत होता.

"किती दिवस येतेय?" महानंदानं विचारलं.

म्हटलं, "हत्तु."