वसंतरावांचा हीटर

भर वैशाखात मोटारीच्या काचा वर करून आत हीटर लावून बसणारा गृहस्थ अखिल पुणे शहरात एकच असावा, आणि तो आमच्या शेजारी राहतो. वसंतराव खळदकर. बुधवार पेठेतले रेडिओच्या सुट्या भागांचे दुकान विकून ते निवृत्त झाले. जुनी मोटार मात्र विकली नाही.

जाणारा-येणारा थांबे. "काका, घामच काढायचाय तर पर्वती चढा की. पेट्रोल वाचेल."

वसंतराव त्याचाच हात धरून हीटरच्या जाळीपुढे नेत. "अनुमान नको. हात लावून सांगा. गरम की कोमट?"

"कोमट."

"मग आपण निघा. मला काम आहे."

मी पेशाने अर्जनवीस. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझा मसुदा कोणा साहेबाने परत पाठवल्याचे स्मरत नाही. त्या अधिकाराने मी विचारले, "वसंतराव, पुण्यात हीटरचे प्रयोजन काय?"

"डायलिसिस झालं की हिला हुडहुडी भरते. पुढच्या थंडीच्या आत व्हायला हवं."

हे मी पाहिले होते. गेल्या हिवाळ्यात रुग्णालयातून परतताना शालीत गुंडाळूनही सुधावहिनींचे दात वाजत. तरी त्या म्हणत, "आज ऊब आहे हो." वसंतराव त्यांच्या बोटांना हात लावून पाहत.

त्यांनी हीटरची नळी बदलली, त्याचा छोटा रेडिएटर धुतला, पंख्याच्या मोटरची तार नव्याने गुंडाळून आणली. वारा सोसाट्याचा आला, पण कोमटच.

दसऱ्याच्या सुमारास त्यांनी इंजिनावरचे एक झाकण उघडले आणि तसेच बसून राहिले. आत थर्मोस्टॅट नव्हता. म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. ती नसली की पाणी सारखे थंड होत राहते, आणि हीटरला ऊब मिळतच नाही.

"कोणी चोरला म्हणावे?" मी विचारले. तक्रारअर्जाचा मजकूर माझ्या मनात तयारही झाला होता.

"मीच काढायला लावला. खंबाटकी घाटात गाडी तापली होती. तेव्हा सगळेच काढायचे. आपल्या हवेत इंजिन थंड राहिलेलंच बरं, असं मी दुकानात गिऱ्हाइकांनाही शिकवायचो." त्यांनी झाकण हातात फिरवले. "आख्खा हिवाळा ही कुडकुडत आली. माझ्या हुशारीपायी."

मनातला तक्रारअर्ज मी तिथेच फाडला.

नवी झडप बसली. थंडी पडल्यावर एका संध्याकाळी रुग्णालयातून परतताना मी मागे बसलो होतो. काचा बंद. वसंतरावांचा सदरा पाठीला चिकटला होता. माझीही अवस्था शोचनीय होती. पुढे सुधावहिनींची शाल खांद्यावरून घसरली आणि त्यांचा डोळा लागला.

आमच्या सोसायटीचे फाटक आले. वसंतरावांनी वेग कमी केला, शेजारी पाहिले, आणि गाडी तशीच पुढे नेली.

चौक ओलांडताना वहिनींनी डोळे न उघडता विचारले, "अहो, घर आलं का?"

"नाही अजून," वसंतराव म्हणाले. "झोप तू."