बरं म्हटलं, आणि वाळवंट भरलं

फुकटची जागा शोधण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये नाही! आमच्या हवल्ली भागात पार्किंग मिळालं की लोक देवापुढे साखर ठेवतात. तिथे मी ऐन संध्याकाळी गाडी बिल्डिंगच्या दाराशी लावून दाखवतो. त्यामुळे मंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, पन्नासाव्या वाढदिवसाला काय हवं ते सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात टाळीच वाजवली.

"साडी नको, सोनं नको," मंदा म्हणाली. "मला एक दिवस शांतता द्या. दिवसभरात मला कुणी हाक मारायची नाही. बास!"

ऐकायला सोपं वाटतं. पण मंदा इथल्या एका बालवाडीत शिकवते. सकाळभर वर्गातली पोरं 'मिस, मिस' करून तिचे कान किटवतात. दुपारी घरी यावं तर वरच्या मजल्यावर जुन्या फरश्या फोडायचं काम चाललेलं. 'बस, कल खतम,' असं बिल्डिंगचा रखवालदार सांगतो आणि त्याचा तो 'कल' दिवाळीपासून संपलेला नाही. राहिलो मी आणि आमची लेक अंतरा. मोजे, चार्जर, चष्मा, यांतलं काहीही मंदाला हाक मारल्याशिवाय आम्हाला सापडत नाही. हल्ली ती झोपेतसुद्धा "आले, आले" म्हणते. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. पण ऑडिटच्या दिवसांत मीही इतका पिळून निघालेलो असतो, की वाईट वाटून घ्यायलादेखील अंगात त्राण उरत नाही.

मी म्हटलं, "वाळवंटात जाऊ! हिवाळा आहे, हवा छान आहे. शुक्रवारी सकाळी जायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. तू आडवी पडून राहा. तुला हाक मारायला तिथे आहेच कोण?"

"आणि जागा?"

"ती माझ्यावर सोड!"

इथे हिवाळ्यात सगळा देश वाळवंटात उतरतो. मोठमोठे कँप भाड्याने मिळतात, तंबूत टीव्हीसुद्धा असतो. पण वाळू काय कुणाच्या मालकीची आहे? आपण दिवसभर चटई अंथरली तर कोण विचारतंय! मी रोज जेवण झाल्यावर फोनवर नकाशा उघडून रिकाम्या जागा हेरल्या. तंबूही जमवला, अम्गऱ्याच्या भंगारवाल्याकडून, जवळजवळ नवा.

गुरुवारी ऑफिसातून निघताना बू नासरने गाठलं. बू नासर आमचा मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणारा माणूस. देहाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. त्याचं इंग्रजी यथातथा, माझं अरबी त्याहून यथातथा, त्यामुळे आमच्यात आजवर एकदाही भांडण झालेलं नाही.

"या कुमार! वेन, बाचर?" म्हणजे, अरे कुमार, उद्या कुठे? एवढं मला कळतं.

याला बेत सांगितला तर झालीच शांतता! मी सावधपणे नुसतं म्हटलं, "बरं... बरं..."

त्याचा चेहरा फुलला. "बर्र?"

"बरं, बरं," मी बॅग उचलत म्हणालो.

मग तो खूप वेळ बोलला. छातीवर हात ठेवला, बोटांवर माणसं मोजावीत तसं काहीतरी मोजलं आणि शेवटी माझ्याकडे प्रश्नार्थक बघत राहिला. मी इतका दमलो होतो, की त्याने माझी किडनी मागितली असती तरी तेच उत्तर मिळालं असतं. "बरं!" मी म्हणालो. त्याने मला कडकडून मिठी मारली. किती प्रेमळ माणूस, असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. समुद्रावरचा तो लांबलचक पूल ओलांडला आणि सुबियाच्या वाळवंटात शिरलो. मंदा मागच्या सीटवर डोळे मिटून, उशी कवटाळून बसली होती. नकाशावरची पहिली जागा अगदी मोकळी होती. नकाशात! प्रत्यक्षात तिथे तंबूंचं गावच वसलेलं होतं. जनरेटर धडधडत होते, लाउडस्पीकर चालू होता आणि शाळकरी पोरं चारचाकी मोटारसायकली उडवत होती.

"बाबा, हे तर हवल्लीपेक्षा लाउड आहे," अंतरा म्हणाली.

दुसऱ्या जागी खरोखर कुणी नव्हतं. मी विजयी मुद्रेने चटई काढली, तेवढ्यात टेकाडाआडून उंटांचा कळप आला. त्यांनी आम्हाला घेरलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसते उभे राहून बघत बसले. त्यांतल्या एकाने मंदाची उशी हुंगली. आम्ही निघालो.

तिसऱ्या जागेआधी अरबीत लिहिलेली लाल पाटी लागली. अंतराला शाळेत अरबी आहे. तिने वाचली आणि म्हणाली, "बाबा, यू-टर्न. आत्ताच." मी कारण विचारलं नाही. लाल पाटीला कारण विचारू नये, इतकं वय झालंय माझं.

मंदाने मागून शांतपणे विचारलं, "अजून किती जागा आहेत हो?"

"शेवटची! एकदम हमखास!" मी म्हणालो. आतून माझं धाबं दणाणलं होतं. हिने एवढ्या वर्षांत मागून मागून काय मागितलं, तर एक गप्प दिवस. तोही मला देता येऊ नये!

आणि काय सांगू, ती शेवटची जागा मिळाली! दोन टेकाडांच्या मध्ये खोलगट वाळू, ना माणूस, ना उंट. वाऱ्याचा तेवढा आवाज. मंदाने चटईवर अंग टाकलं आणि असा सुस्कारा सोडला की मला भरून आलं. मी तंबू उघडला. तो तंबू नव्हता. मोटारीवर घालायचं कव्हर होतं, आरशांसाठी दोन्हीकडे कान शिवलेलं. जाऊ दे! डोक्यावर ओढणी घेऊनही माणूस झोपतो.

मंदाचा डोळा लागणार, इतक्यात माझा फोन वाजला. बू नासर!

"वेन?"

"बरं, बरं," मी कुजबुजलो आणि ठेवणार, तर तो पलीकडून बोलतच राहिला. मंदा जागी होईल म्हणून मी फोन अंतराकडे दिला. ती दोन शब्द बोलली आणि स्क्रीनवर काहीतरी दाबलं.

"काय म्हणाला?"

"लोकेशन पाहिजे होतं. सेंड केलं."

"कशाला?"

"ही आस्क्ड नाइसली."

थोड्या वेळाने टेकाडावर धूळ उठली. धुळीतून एक जीप निघाली. तिच्या मागे दुसरी. मग मी बघायचंच सोडून दिलं. बू नासर, त्याचे भाऊ, भावजया, मेहुणे, मुलं, एक गाडीभर कोळसा, एक गाडीभर भांडी आणि एक जनरेटर! बू नासर हात पसरून माझ्याकडे धावत आला.

"अंतरा, विचार त्याला, हे काय आहे?"

अंतराने विचारलं. ऐकता ऐकता तिने कपाळाला हात लावला. "बाबा, अरबीत 'बर्र' म्हणजे डेझर्ट. त्याने काल विचारलं, उद्या कुठे? तुम्ही म्हणालात, डेझर्ट, डेझर्ट. मग त्याने विचारलं, आमची सगळी फॅमिली तुमच्याकडे आली तर चालेल का?"

"आणि?"

"तुम्ही म्हणालात, डेझर्ट! तो म्हणतो, ऑफिसात सगळ्यांना माहितीये, कुमारला वाळवंटाचं वेड आहे. काहीही विचारा, वाळवंटच म्हणतो."

म्हणजे या सगळ्यांना मीच बोलावलं होतं! मंदा उठून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, अगदी मघाच्या उंटांसारखी.

मोटारीचं कव्हर बघून पाहुण्यांना आमची इतकी दया आली, की बघता बघता त्यांनी दोन तंबू उभे केले, एक बायकांचा आणि एक पुरुषांचा. बू नासरची आई खतिजाआजी मंदाचा हात धरून तिला घेऊन गेली. जाताना मंदाने एकदाच मागे वळून पाहिलं. बालवाडीच्या पहिल्या दिवशी मुलं बघतात ना, तसं.

मला पुरुषांच्या तंबूत मानाच्या जागी बसवलं. हातात गहवा आला, म्हणजे वेलचीची कडू कॉफी, वाटीएवढ्या कपात. संपवला की पुन्हा भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. पुरे झालं की कप हलवायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. छाती धडधडत होती. पलीकडच्या तंबूतून हसण्याचा गलका ऐकू येत होता आणि मी मनातल्या मनात मंदाची माफी मागत होतो.

मग हळूहळू तो गलका थांबला. जनरेटर बंद पडला. मुलांचा आवाज लांब गेला. तंबूतले पुरुषसुद्धा एकमेकांच्या कानात बोलू लागले. बू नासरने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

काय झालं? मंदाला बरं नाही का? की ती रागावून चालत निघाली, त्या लाल पाटीच्या दिशेने? इतकी कॉफी प्यायलेल्या माणसाला काहीही सुचतं हो! मी कप टाकून बाहेर धावलो आणि पूर्ण ताकदीने ओरडलो, "मंदाऽऽऽ! अगं मंदाऽऽऽ!"

"शूऽऽऽ!" चारी बाजूंनी आवाज आला. कोळशापाशी बसलेले मेहुणे, टेकाडावर नेऊन बसवलेली मुलं, तंबूच्या दाराशी पहारा देत बसलेली खतिजाआजी, सगळी माणसं ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती. अंतरा पळत आली.

"बाबा! मी आजीला सांगितलं होतं, आईचा बर्थडे आहे, तिला झोपायचंय, कुणी हाक मारू नका म्हणून. आजीने सगळ्यांना गप्प केलं. जनरेटरपण बंद केला. आई इतकी डीप झोपली होती!"

तंबूचा पडदा हलला. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली, डोळे अर्धवट मिटलेले, अशी मंदा बाहेर आली.

"आले, आले," ती म्हणाली. "काय सापडत नाहीये?"

सगळं कुटुंब माझ्या उत्तराची वाट बघत होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. "तूच," मी म्हणालो.

त्यानंतर मंदा काही बोलली नाही. जेवताना नाही, निरोप घेताना नाही, तो लांबलचक पूल ओलांडतानाही नाही. गाडीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी मारे शांतता शोधायला निघालो होतो. ती मिळाली. फक्त ती सगळीच्या सगळी माझ्या वाट्याला आली.