ब्रेकच्या दिवशी हजर

"किल्लीच द्यायची ना? अडतीस वर्षं नोकरी केली आहे मी. ऑफिस मला नवं नाही!" आप्पांनी मुलीला ऐकवलं आणि ती कपाळाला हात लावायच्या आत चपला चढवल्या.

मुलीची नोकरी अकरा महिन्यांची. ते संपले की एक दिवस ब्रेक, दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. अशा पाच ऑर्डरी झाल्या होत्या. ब्रेकच्या दिवशी मात्र ऑफिसात तिची सावलीही दिसता कामा नये. दिसली, तर नोकरी सलग धरतात, आणि त्या भीतीनं पुढची ऑर्डरच निघत नाही! आणि नेमकी कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये राहिली होती.

"आप्पा, किल्ली द्यायची आणि उलट्या पावली फिरायचं. शहाणपण करायचं नाही!"

"मी? मी कधी करतो?"

ऑफिसात किल्ली मिळताच मुलीचे साहेब कपाटावर तुटून पडले. आप्पा निघाले, पण दारापाशी थबकले. टेबलावर मस्टर उघडं होतं. मुलीच्या नावापुढे आजचा चौकोन कोरा! घासात खडा लागावा तसं त्यांना झालं. ब्रेकचं डोक्यात होतं हो, पण मस्टर दिसलं की आप्पांचा हात डोक्याला कधी विचारत नसे. वळणदार अक्षरात त्यांनी लिहून टाकलं – 'हजर'.

"अहो काका!" कारकून किंचाळला.

साहेब धावत आले. "काय केलंत हे! आता ही सलग नोकरी झाली. उद्या ती म्हणेल, मला कायम करा!"

"मग करा की!"

"अहो, कायम करावं लागू नये म्हणून तर ब्रेक! वरच्यांनी हे पाहिलं तर ऑर्डर विसरा!"

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीची नोकरी आपण एका शब्दात घालवली! "खोडा! आत्ताच्या आत्ता खोडा!"

"मस्टरमधली खाडाखोड कायम माणसाच्या सहीनंच चालते."

"तुम्ही साहेब ना?"

साहेबांनी टाय सैल केला. "माझा ब्रेक मंगळवारी आहे."

आप्पांनी आशेनं कारकुनाकडे पाहिलं.

"माझा कालच झाला, काका."

शेवटी मागच्या खोलीतून म्हाताऱ्या शिपायाला हाताला धरून आणलं. अख्ख्या ऑफिसात तेवढा एक कायम! त्यानं चष्मा पुसला, 'हजर'वर सावकाश रेघ मारली, खाली सही केली आणि आप्पांना म्हणाला, "पुढच्या वर्षी जपून हं, दादा. मी महिनाअखेर रिटायर होतोय. मग इथं खोडायलाही कुणी उरणार नाही!"

घरी मुलगी दारातच उभी होती. "झालं ना सगळं नीट?"

"झालं की!" आप्पा चपला काढता काढता पुटपुटले, "तुला गैरहजर करायला जरा वेळ लागला, एवढंच."