तीन वर्तुळांच्या मधोमध

धाकटीचा कागद पुन्हा एकदा फ्रिजच्या दारावर चढला आणि ताईनं हातातला घास ताटात आपटला.

बाबा शाळेत मुलांना तर्क शिकवत आणि घरातही कुणाला सोडत नसत. "डोक्यात गुंता नको, कागदावर वर्तुळं काढा. सगळ्या वर्तुळांत जे बसतं, ते उत्तर!" उत्तम कागदाला फ्रिजवर जागा. धाकटीनं अशीच किल्ली शोधली, छत्री शोधली. ताईचा एकही कागद तिथवर पोचला नव्हता. नववीतलीनं तिसरीतलीवर जळणं शोभत नाही, हे तिलाही कळत होतं. पण जळणं काय विचारून येतं?

म्हणून रविवारी बाबा आंघोळीला गेल्यावर तिनं उंच फळीवरचा त्यांचा चष्मा उचलला आणि स्वतःच्या दप्तरात कोंबला. आता शोध म्हणावं!

"माझा चष्मा?" बाबा भिंत चाचपत बाहेर आले.

धाकटी पेन घेऊन तयारच. "हे वर्तुळ तेव्हा घरात असलेल्यांचं. हे फळीपर्यंत हात पोचणाऱ्या मोठ्यांचं. दोन्हीत कोण? आई!"

"मी? चष्म्याचं काय लोणचं घालायचंय मला?" आई कडाडली.

"पण मांडणी बघ किती सुरेख!" बाबा कागद नाकाला लावून म्हणाले.

"बाबा, तुम्हाला दिसतंय तरी का?" ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पेन हिसकावलं. "अगं बावळट, आई तेव्हा शेजारच्या काकूंकडे होती. खोडलं तिला! तुझा हात पोचत नाही. खोडलं तुला! आणि तिसरं वर्तुळ कुठाय? चष्मा हरवून फायदा कुणाचा?"

"कुणाचा?" धाकटीनं विचारलं.

"जिला तुझं कौतुक बघवत नाही, तिचा!"

तिसरं वर्तुळ झोकात काढून ताईनं मधोमध ठसठशीत लिहिलं: मी.

"कार्टे!" आई म्हणाली.

ताईनं मुकाट्यानं दप्तर उघडलं. बाबांनी चष्मा चढवून कागद वरून खाली, खालून वर वाचला. "आठवडाभर भांडी तू घासायचीस," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "पण तर्क बिनचूक आहे गं! जा, लाव."

कान लालबुंद झाले होते, तरी ताईनं कागद स्वतःच्या हातानं लावला. दाराच्या अगदी मधोमध.

धाकटीचा ओठ बाहेर आला.

"बाबा," ती मुसमुसत म्हणाली, "उद्या मी लपवू?"