बापूंची चिनी गाणी

आमच्या शेजारचे सुभेदार बापू सकाळी म्हशीची धार काढताना चिनी भाषेत गातात. गाणं दुसऱ्या कुणाचं नाही, त्यांचं स्वतःचं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, पेटी त्यांची. वडूजमध्ये बसून त्यांनी अशी चाळीसेक गाणी रचली आहेत, आणि ती समजणारा तालुक्यात एकच माणूस आहे. तो म्हणजे गाणारा.

फौजेत असताना बापूंना चिनी शिकायला पाठवलं होतं. पुढे बरीच वर्षं ते सीमेवर दुभाष्याचं काम करत होते. दोन्हीकडच्या साहेबांची बैठक असली की साहेब एकमेकांवर गुरकावणार आणि बापू ते गुरकावणं पलीकडच्या भाषेत नेऊन पोचवणार. चहाच्या सुट्टीत तिकडचा दुभाषी तोंडातल्या तोंडात प्रेमाची गाणी म्हणायचा. "मानूस पलीकडचा, पर गळा लय ग्वाड," बापू सांगतात. रिटायर होऊन आले ते पेन्शनीबरोबर हा नाद घेऊनच.

चिनी भाषेत सगळा कारभार सुराचा, हे ते भेटेल त्याला समजावतात. 'थांग' एका सुरात म्हटलं तर साखर, दुसऱ्या सुरात म्हटलं तर रस्सा. एकदा मी म्हणालो, "बापू, फार अवघड आहे हो हे."

"कशाचं अवघड? आपुन सातारी मानसं जन्मल्यापासनं हेच करतोय. 'व्हय' म्हन."

"व्हय."

"ह्यो झाला होकार. आता 'व्हय?' म्हन. ही शंका. 'व्हऽऽय' म्हन. म्हंजे समोरचा थापा मारतोय. आन् बायको कायतरी सांगती तवा पेपरातनं मान वर न काढता म्हंतोस, त्यो चौथा."

तेव्हापासून माझ्या औषधाच्या दुकानात बसले की ते गिऱ्हाइकांचे सूर तपासतात. खोकल्याचं औषध मागायला आलेला माणूस "तुजा तिसरा सूर चांगला हाय" असं ऐकून बाहेर पडतो आणि पुन्हा खोकत नाही.

स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवाल्याने एकदा त्यांना कौतुकाने नवा बोर्ड दाखवला. लाल रंगात मोठी चिनी अक्षरं होती, मोबाइलवरून उतरवून घेतलेली. बापूंनी चष्मा पुसला, वाचलं आणि म्हणाले, "पुढं रस्ता खोदलाय, असं लिवलंय." गाडीवाल्याने समोर बघितलं. रस्ता खरंच खोदलेला होता. "मग बरोबरच हाय की," म्हणून त्याने बोर्ड तसाच ठेवला.

औंधच्या यात्रेत ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्यांना एक गाणं म्हणू दिलं. 'आता चायनीज आयटम' असं माइकवर ऐकल्याबरोबर अर्धं पब्लिक प्लेट कुठं मिळते बघायला उठलं. पुढे मीच त्यांना सांगलीला एका रेकॉर्डिंगवाल्याकडे घेऊन गेलो. बापूंनी डोळे मिटून चार कडवी म्हटली. रेकॉर्डिंगवाला भारावून म्हणाला, "काका, तुमचं कन्नड एकदम स्वच्छ आहे."

त्यानंतर बापूंनी स्टुडिओचा नाद सोडला. आता रेकॉर्डिंग त्यांच्या अंगणात होतं. मी मोबाइल धरतो, बापू गातात आणि शालनकाकी म्हशीला गप्प ठेवतात. मग ते गाणं मोबाइलवरून जगाला जातं. मी काकींना एकदा विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत?" त्या म्हणाल्या, "ह्ये सीमेवर व्हते तवा घरात आवाज न्हवता. आता हाय. भाषा कंची का आसंना."

जगातून पहिलं उत्तर आलं ते मलेशियातल्या लिनबाईंचं. वय सत्तरीच्या पुढचं, नोकरी संपलेली गाण्याची शिक्षिका. गाणं उसावर होतं. बाईंनी लिहिलं होतं, 'साखरेवर गाणं आहे की रश्श्यावर?' बापूंना इतका आनंद झालेला मी मुलीच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. ते उत्तर त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. "हितं समदी वा वा करत्यात. चुकला म्हननारं पयलंच मानूस भेटलं, गड्या."

चार वर्षं हा क्रम चालला. बापूंनी गाणं टाकायचं आणि बाईंनी चूक काढायची. ख्यालीखुशाली कुणी कुणाला विचारली नाही. नुसतं 'तिसरी ओळ', 'पाचवा शब्द', एवढंच.

यंदा बाईंचं उत्तर येईना. पहिल्या गाण्याला बापू म्हणाले, चूकच नसेल. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यानंतर ते दुकानात येऊन नुसतेच बसले. गिऱ्हाइकं आली, बोलली, गेली. बापूंनी कुणाचा सूर तपासला नाही.

"विचारा ना सरळ, तब्येत कशी आहे म्हणून," मी म्हणालो.

"परक्या बाईमानसाला कसं इचारायचं? बरं दिसत न्हाई."

चार दिवसांनी त्यांनी मला अंगणात बोलावलं. एरवी दहा वेळा तालीम करणारा माणूस त्या दिवशी एका दमात गायला आणि म्हणाला, "धाड."

"पुन्हा एकदा घेऊया का?"

"नगं. पाच जागी चुकवलंय. मोजून." ते पेटीचा भाता लावत होते. "चूक दिसल्यावर त्या बाईला गप बसवत न्हाई."

मी गाणं पाठवलं. आठवडा गेला. एका दुपारी बापू चष्मा न घेताच मोबाइल हातात धरून दुकानात आले. मागोमाग आलेल्या काकी परत जाऊन चष्मा घेऊन आल्या. बाईंच्या मुलीने लिहिलं होतं. बापू एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले, बैठकीत सांगायचे तसं, चेहरा न हलवता.

"आईच्या डोळ्याचं आपरेशन झालंय. वाचायला मनाई हाय. तुमचं गानं मी तिला ऐकवलं. ती हसली. ती म्हंती, पाच चुका मुद्दाम केल्यात, त्या कळल्या."

बापूंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"मग?" काकींनी विचारलं.

"दुसऱ्या कडव्यातली सहावी मातर खरी हाय. तेवढी सुधरा."

त्यांनी मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवला. दुसरं कडवं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग तोंडाने म्हटलं, हळू, पुन्हा पुन्हा. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांना हाताने थोडं थांबायला सांगितलं.

"सापडली का?" काकी म्हणाल्या.

"सापडली," बापू म्हणाले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि पेटी काढायला घराकडे निघाले.