रात्रपाळीवरचा भाऊ

आमच्या शेजारच्या शालिनीताईंना दर भाऊबीजेला चंद्राकडून भेट येते. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावं, ही आपली जुनी रीत. पण ओवाळलं म्हणजे ओवाळणी आलीच, आणि चंद्र काही पाकीट बाळगत नाही. तेव्हा त्याच्या वतीने ताई स्वतःच खरेदीला निघतात.

एकदा हिंदमाताच्या कापडबाजारात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदार साड्यांचा ढीग पाडत होता.

"भारीतली नको," ताई म्हणाल्या. "भाऊ देणार आहे. त्याला झेपायला पाहिजे."

"काय करतात भाऊ?"

"रात्रपाळी. महिन्यातून एक सुट्टी."

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मी मात्र तोंडात रुमाल कोंबून उभा होतो.

साडी काही दरवर्षी नसते. कधी गरम पाण्याची पिशवी, कधी नवी खवणी, एकदा तर लोकरीचे पायमोजे. खोका रंगीत कागदात बांधून घ्यायचा, कपाटात दडवायचा आणि भाऊबीजेला उघडून म्हणायचं, "कशाला रे एवढा खर्च केलास?" भिंतीपलीकडे आम्हाला सगळं ऐकू येतं. ताई परळच्या एका इस्पितळात नर्स होत्या. तेव्हा दिवाळीची ड्युटी आपणहून मागून घ्यायच्या. निवृत्त झाल्यापासून सणाला घरात एकट्याच असतात, पण कोणी कीव केलेली त्यांना खपत नाही. फराळाला बोलवायला जावं, तर "माझ्याकडे पाहुणा यायचाय" म्हणून वाटेला लावतात.

यंदा पंचाईत झाली. समोर गिरणीच्या जागेवरचा टॉवर पुरता वर आला आणि आमच्या गॅलरीतलं पश्चिमेचं आभाळ गेलं. भाऊबीजेचा चंद्र तो केवढा, नखाएवढा. दिवेलागण झाली की थोड्याच वेळात मावळतो. ताई ताट घेऊन गॅलरीभर येरझाऱ्या घालत होत्या. चेहरा पार उतरला होता. मी नुकताच बहिणीकडून ओवाळून घेऊन बाहेर आलो होतो. मला काही बघवेना.

"ताई, मलाच ओवाळा ना."

"तुला बहीण आहे. गप बस."

माझी बहीण दारातून हे ऐकत होती. ती म्हणाली, "गच्चीवरून दिसेल कदाचित. चला."

ताईंचे गुडघे कुरकुरतात, म्हणून मी हात दिला. बहिणीने निरांजनाला पदर आड धरला. पाण्याच्या टाकीमागे, दोन इमारतींच्या फटीत तो एकदाचा सापडला. ताईंनी घाईघाईने ओवाळलं, अक्षता टाकल्या, आणि ताट तसंच हातात धरून बघत राहिल्या.

"ताई, मागता काय त्याच्याकडे?" बहिणीने विचारलं.

"मागत नाही गं काही. भाऊ होता मला. बारशालाही पुरला नाही." त्यांनी मान तिरकी करून परत एकदा फटीतून पाहिलं. "हा बघ, अस्साच होता, एवढासा. पण हा उद्यापासून वाढायला लागतो."