झरीच्या सदतीस डोक्यांचा अहवाल

"मॅडम, टोपी आधी हेडसरांना घालून बघायची का?"

प्रश्न विचारणे हा प्रत्येक विद्यार्थ्याचा हक्क असून तो शक्यतो शाळा सुटल्यावर, घरी जाऊन, मनातल्या मनात बजवावा, हे झरीच्या शाळेचं मान्य धोरण आहे. त्यामुळे नववीतल्या निकितानं भर वर्गात उभं राहून वरचा प्रश्न विचारला, तेव्हा पंख्याचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता पसरली. (वीज नसल्यामुळे तो आला नाही.)

दोष तिचा नव्हता. मागच्या बाकावरच्या भक्ती आणि धम्मशीला म्हणाल्या होत्या, "इचारून दाखव, मग तुला मानलं." आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून निकिताला 'जाऊ दे' हा शब्द आठवेनासा झाला होता.

हेडसर बन्सीधर सर हसले. पाहुण्यांसमोर हसायचं आणि पाहुणे गेल्यावर बघून घ्यायचं, हेही धोरणच.

पाहुण्या म्हणजे पुण्याहून आलेल्या संशोधक प्रियांका मॅडम. "प्रयोगाची परवानगी फक्त मुलांच्या डोक्यांची आहे," त्या म्हणाल्या. हेडसरांनी मनोमन परवानगी देणाऱ्यांचे आभार मानले.

टोपीला तारांचं जावळ होतं. ती डोक्यावर चढवली, की डोक्यातल्या विजेच्या बारीक लहरी मॅडमच्या बॅटरीवर चालणाऱ्या संगणकात जातात आणि पडद्यावरचा ठिपका वर-खाली होतो. हाताला काम नाही. "पण ठिपका हे निमित्त," मॅडम म्हणाल्या. "कुठल्या लहरीनं तो वर जाणार, हा नियम आम्ही ठरवतो आणि तुम्हाला सांगत नाही. तुमचं डोकं तो नियम कसा हुडकतं, ते आम्हाला बघायचंय."

नियम करायचा, सांगायचा नाही आणि पोरं काय करतात ते बघत बसायचं, ही पद्धत शाळेला नवी नव्हती. तिला संशोधन म्हणतात, एवढंच माहीत नव्हतं.

ज्याचा ठिपका हलेल, अशा एका विद्यार्थ्याला दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे परभणीला, मॅडमच्या तिथल्या केंद्रात पुढच्या प्रयोगासाठी न्यायचं होतं. राहणं-जेवण मॅडमकडे, सही पालकांची. निकितानं त्याच क्षणी मनातल्या मनात बॅग भरली.

शाळेनं तयारीत कसूर केली नव्हती. मॅडमचं पत्र पंधरा दिवस आधी आलं होतं: 'मुलांचे केस स्वच्छ धुतलेले असावेत.' पत्राची आवक नोंद झाली, त्यावर शिक्षकांची बैठक झाली, आणि आशय वर्गावर्गांत फिरेपर्यंत असा झाला: 'मोठे पाहुणे येत आहेत. डोके पिंजारलेले आढळल्यास गय केली जाणार नाही.' आता डोकं पिंजारलेलं दिसू नये यासाठी झरीत पिढ्यान्‌पिढ्यांचा एकच उपाय आहे. त्या सकाळी घरोघरच्या मायांनी लेकरांना दोन गुडघ्यांत दाबून असं तेल चोपडलं, की ओघळ कानशिलावर आले. खुद्द पीटीच्या सरांच्या भांगात सूर्य दिसत होता.

टोपी तेलावरून घसरली. लहरी पलीकडं पोचेनात. निकाल पुढीलप्रमाणे: तपासलेली डोकी सदतीस, हालचाल आढळलेली डोकी शून्य.

"सहामाहीशी जुळतंय," हेडसर समाधानानं म्हणाले. शास्त्रानं शाळेच्या गुणपत्रकाला दिलेला हा पहिलाच दुजोरा होता.

"तेल हाय ना मॅडम!" निकिता उठली. "डोकं चालायलंय, तुमच्यापत्तोर पोचायलं न्हाई." आणि ती थेट पाण्याच्या टाकीकडं पळाली. तिथं खिचडी शिजवणाऱ्या सरजाबाई भांडी घासत होत्या.

"अगं, डोस्कं हाय का पातेलं?"

"पातेलंच समजा मावशी, चकचकीत करा!"

सरजाबाईंनी साबण लावून असं घासलं, की आजवर शिकलेलं निम्मं तरी वाहून गेलं असावं. (शाळेचं नुकसान नाही.)

ओल्या डोक्यावर टोपी बसली. निकितानं मनातल्या मनात उजव्या हातानं हापसा मारायला घेतला. ठिपका वर गेला! वर्गानं बाकं बडवली. मग मॅडमनी गुपचूप नियम बदलला. ठिपका खाली. निकितानं आणखी जोरात हापसलं. मनातल्या मनात झरीला आठवडाभर पुरेल एवढं पाणी काढलं. ठिपका तळाशीच.

"तुमी नियम बदलला!"

"बदलला. आणि तुझं डोकं जुनीच युक्ती जोरात करतंय. सगळ्यांचं असंच होतं. नवी सापडायला वेळ लागतो. तेच तर बघायचंय."

दीड तासानं निकितानं हापसा सोडला आणि मनातल्या मनात पाय हलवले. ठिपका बोटभर वर सरकला. मॅडमनी पालकांच्या सहीचा कागद तिच्या हातात ठेवला.

संध्याकाळी वडील मुंजाजी ओसरीवर बसले होते, माय तांदूळ निवडत होती.

"आबा, दिवाळीच्या सुट्टीत मी..."

"न्हाई," आबा म्हणाले.

"अजून म्हणलेच न्हाई की!"

"कापूस कोण येचंल?"

"अन् लोक काय म्हणतील?" मायनं विचारलं. (लोकांनी नेमकं कशाला काय म्हणायचं, ते अजून कुणालाच कळलं नव्हतं.)

इथं काही सुज्ञ वाचकांच्या मनात 'आईबापाचंही बरोबरच आहे' हे वाक्य निकिताचं बोलणं पुरं व्हायच्या आत उमटलं असेल. त्यांनी प्रयोगाला येण्याची तसदी घेऊ नये. त्यांची डोकी टोपीशिवाय, बाहेरूनच वाचता येतात.

निकितानं कागद आबांच्या पुढ्यात ठेवला, वर पेन ठेवला.

"मी तीन हप्ते परभणीला जाणार हाय, डोकं कसं शिकतंय ते बघायला. ठरलंय माझं. सही तुमची लागती. आता पुन्हा न्हाई म्हणून बघा, ह्या टायमाला ऐकून घेऊन."